नमुन्याचा प्रकार

फॉर्मवर तीन चौकोन होते:
पाणी. अन्न. विष्ठा.
मी बर्फाच्या डब्यावर हात ठेवून उभी,
आत पिशवीत पाच शिंपल्या,
पिपरटोल्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या.
"एकावरच खूण करा, मॅडम," खिडकीतले गोंगले म्हणाले,
आणि मॅडम म्हणाले म्हणून मी आणखीच गोंधळले.

मी गावची जलसुरक्षक.
तपासणीच्या बाटल्या भरते,
थंडीत पोटाशी बांधून त्यांना ऊब देते,
दुसऱ्या दिवशी पाणी काळं पडलं
की त्या विहिरीच्या नावापुढे लाल शाई.
तलावासाठी बाटली येत नाही.
तलावाचं पाणी पितं कोण?

शिंपली पिते.
दिवसभर, तोंड नखभर उघडं ठेवून,
म्हशी धुतल्या ते,
धुरपताबाईने गोधड्या आपटल्या ते,
नव्या समाजमंदिराच्या संडासाचा पाइप
बेशरमाच्या झुडपात जिथं संपतो, ते.
पाणी सोडते, बाकीचं ठेवते.
एवढी काटकसर
आमच्या टोल्यात दुसऱ्या कुणाला जमलेली नाही.

माय छातीभर पाण्यात उतरते
आणि पायाच्या अंगठ्याने शिंपली ओळखते.
दगड निराळा, शिंपली निराळी,
जिवंत निराळी, नुसता चिखल भरलेली निराळी.
"ओकू दे तिले दोन रात्री," सांगायची,
"मंग खाय."
दोन रात्री घमेल्यात, बोअरिंगच्या पाण्यात.
सकाळी तळाशी चुलीतल्या राखेसारखा गाळ.
आमच्या प्रशिक्षणात
या गाळाबद्दल एक अक्षर नव्हतं.

वैशाखात बोअरिंगचा दांडा तुटला.
माझ्या रजिस्टरात आहे ते,
तारीख, सही, जावक क्रमांक एकशे बारा.
मायने नेम मोडला नाही.
दोन रात्री म्हणजे दोन रात्री.
फक्त घमेलं तलावातून भरलं.

भूमेश्वरीच्या पोराचं बारसं.
अंगणात तीन दगडांची चूल, शेजाऱ्यांकडचा मोठा गंज,
बाजूला जवसाची चटणी वाटणाऱ्या बाया.
"वासल्या का, उतरव," माय ओरडली,
आणि मी उतरवला.
वासली म्हणजे मेली.
शिजली असं नाही,
तोंड उघडल्यावरही उकळत ठेवायची असते,
हे मी नंतर वाचलं, ओळीवर बोट ठेवून, दोनदा.

मध्यरात्रीपासून एकोणीस जण.
उपकेंद्राच्या व्हरांड्यात खिळे पुरेनात,
तेव्हा जाळी वाळवायचे बांबू आणले
आणि सलाईनच्या बाटल्या त्यांना बांधल्या.
सगळे वाचले. हे आधीच सांगायला हवं होतं.
भूमेश्वरीचं दूध तेवढं आटलं चार दिवस,
बाळ तांदळाच्या पेजेवर रडलं,
आणि मायने कोणाच्या डोळ्याकडे पाहणं सोडलं.
"माह्या हातचं खाल्लं लोकायनं."
त्यापुढे काही नाही.
ज्याच्या बोटाने नकाशावर तो पाइप ओढला
त्याचे हात कुणी विचारले नाहीत.

"मॅडम, मागे लाइन आहे."

अन्नावर खूण केली.
मग खाली वाचलं: अन्न तयार करणाऱ्याचं नाव.
खोडली.
विष्ठेवर पेन थांबलं, खरं तर तेच होतं,
पण तिथं रुग्णाचं वय आणि लिंग भरायचं होतं,
आणि रुग्ण सगळा टोला.
शेवटी पाणी.
त्याखाली जबाबदार व्यक्ती म्हणून
माझंच नाव बसतं.
लिहिलं, नीट, सुट्या अक्षरांत.

गोंगल्यांनी पिशवी उजेडात धरली.
पाचातली एक किंचित उघडली होती.
"जिवंत आहेत की काय या?"
"हो," मी म्हटलं.
त्यांनी पिशवी जरा लांब धरली,
पावतीवर शिक्का मारला,
"रिपोर्ट आठ दिवसांनी. तोवर पाणी उकळून प्या."

परतीची बस दोन वाजता होती.
रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले,
त्यातला बर्फ वितळून
माझ्या लुगड्यावर थेंब थेंब येत राहिला
आणि मी तो हुंगून पाहिला.